माथ्यावरच्या तीन जागा

कोणाचं नाव कोणाच्या वर यावं, हा प्रश्न कोणाचंही मन न दुखवता सोडवणारा माणूस चंद्रपूर आणि गडचिरोली मिळून एकच आहे, आणि तो माझा इवाई आहे. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. मी हिशेबाचा माणूस आहे. सिंदेवाहीच्या एका पतसंस्थेत जमाखर्च पाहतो, त्यामुळे दोन जिल्ह्यांत एकच असं विधान मी पडताळल्याशिवाय करत नाही. पडताळणी माझ्या घरातच झाली. माझ्या मुलीचं, स्नेहलचं, त्यांच्या मुलाशी लग्न ठरलं तेव्हा पत्रिकेचं काम इवायांनी मागून घेतलं. पत्रिका छापून आली तेव्हा ती उघडून धरायला दोन माणसं लागत होती. दोन्ही घरांतले हयात आणि दिवंगत नातेवाईक तर तिच्यात होतेच, शिवाय मांडववाला होता, आचारी होता, आणि ज्याच्या विहिरीचं पाणी लग्नाला वापरायचं होतं तो शेजारी ‘जलसौजन्य’ म्हणून होता. नवरा-नवरीची नावं मला तिसऱ्या घडीत सापडली. मी छपाईच्या खर्चाबद्दल दोन शब्द बोललो, ते त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. पण खरं सांगायचं तर त्या लग्नात कोणीही रुसलं नाही. लग्नात रुसून जेवायला न बसणारा एक तरी पाहुणा असतोच, असं मी तोवर समजत होतो.

ही विद्या त्यांनी झाडीपट्टीच्या नाटकांत कमावली. धान घरात आलं की आमच्या भागात गावोगावी रात्रभर नाटकं चालतात, आणि त्यासाठी वडशाच्या नाटक कंपन्यांना आधीच सुपारी द्यावी लागते. इवाई नट नव्हते. तोंडाला रंग लावायला त्यांनी कायम नकार दिला. ते गावकऱ्यांकडून नाटक ठरवत, त्याचं पाम्पलेट लिहीत आणि मग जीपवर भोंगा बांधून ते पाम्पलेट वाचत गावोगाव फिरत. या पाम्पलेटात नाटकाचं नाव असतं, नट-नट्यांची नावं असतात, पण जीव असतो तो मान्यवरांच्या यादीत. उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, प्रमुख अतिथी, विशेष अतिथी आणि नुसतेच अतिथी. एक नाव राहिलं तर त्या वाड्यातलं कोणी नाटकाला येत नाही, आणि एक नाव चुकून खाली गेलं तर नाटकाच्या रात्री कोणीतरी जाऊन लाईट बंद करतो. इवायांच्या नाटकात लाईट कधी गेली नाही, हे त्यांचे विरोधकसुद्धा कबूल करतात. खरं म्हणजे त्यांना विरोधकही नाहीत, कारण जे होऊ शकले असते त्यांना त्यांनी वेळीच सहउद्घाटक करून टाकलं.

आयुष्य भोंग्यासमोर गेल्यामुळे त्यांना साधं बोलता येत नाही. घरात जेवायची वेळ झाली की ते अंगणातल्या नातवाला, थोड्याच वेळात वरण-भाताला सुरुवात होत आहे, मागे राहिलेल्यांनी पुढे यावे, असं सांगतात. दवाखान्यात डॉक्टरांनी काय होतंय विचारलं तेव्हा त्यांनी आधी डॉक्टरांचा, मग कंपाउंडरचा आणि मग बाकावर बसलेल्या रुग्णांचा नावासकट उल्लेख केला, आणि खोकल्यावर यायला इतका वेळ लावला की तोवर खोकला थांबला होता. एकदा आम्ही दोघे ब्रह्मपुरीला एका मयतीला गेलो होतो. तिथे चार शब्द बोलायची वेळ आली तेव्हा मी त्यांचा सदरा मागून धरून ठेवला होता. ते चांगलं बोलले. फक्त शेवटी सवयीने, कार्यक्रम वेळेवर सुरू झाल्याबद्दल त्यांनी समस्त गावकऱ्यांचे आभार मानले.

आता मूळ गोष्ट. माझ्या मुलीने आणि जावयाने सिंदेवाहीच्या बाहेर, इवायांच्या धानाच्या बांधीला, म्हणजे शेताला, लागून, बांबूच्या वस्तूंची कंपनी काढली आहे. दिव्यांच्या शेड, ट्रे, टोपल्या, खुर्च्या. आसपासच्या गावांतल्या बाया विणतात, जावई बांबू कापतो-तासतो, स्नेहल विकते, आणि मी महिन्यातून एकदा जाऊन हिशेब तपासतो. इवायांना मात्र काम नव्हतं. पाम्पलेटं आता पोरं मोबाईलवर बनवतात आणि भोंग्याचा आवाज रेकॉर्ड करून आणतात. तेव्हा ते दिवसभर कारखान्याच्या शेडमध्ये फिरून बायांची एकमेकींशी ओळख करून देत. त्या बाया वर्षभर मांडीला मांडी लावून विणत होत्या. शेवटी स्नेहलने त्यांच्या हातात एक फोन दिला आणि म्हणाली, मामाजी, आजपासून कंपनीचं पान तुम्ही सांभाळा.

हे पान म्हणजे नोकरी-धंद्याच्या लोकांची जी एक साईट असते, तिथलं. वाढदिवसाचे फोटो टाकायची साईट वेगळी. इथे माणसं एकमेकांना साहेब म्हणून भेटतात. मोठा खरेदीदार कंपनीला फोन करण्याआधी तिचं पान पाहतो, त्यामुळे तिथे नीटनेटकं आणि मोजकं लिहायचं असतं, असं स्नेहलने त्यांना समजावलं. इवायांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी पहिली पोस्ट टाकली. ‘भव्य दिव्य आकर्षण. बांबूचा झुलता दिवा. विणकाम : सौ. मंदाबाई. सहविणकाम : सौ. कुंदाबाई. प्रमुख उपस्थिती : समस्त विणकर भगिनी. स्थळ : कंपनीचे भव्य पटांगण. टीप : स्त्रियांकरिता बसण्याची वेगळी व्यवस्था केलेली आहे.’ दिव्याच्या जाहिरातीत बसण्याची व्यवस्था कशाला, असं स्नेहलने विचारलं. “थे ओळ नाई टाकली तं बाया येत नाई, बाई,” इवाई म्हणाले. ही गोष्ट त्यांनी अनुभवातून सांगितली होती, त्यामुळे ती ओळ राहिली.

पोस्टखाली कोणी दोन शब्द लिहिले की इवाई त्याला सोडत नसत. गुरुग्रामच्या कुठल्यातरी मॅनेजरने ‘उत्तम काम’ एवढंच लिहिलं होतं. इवायांनी त्याला, आपण मूळ कोणत्या गावचे आणि घरी सगळे बरे आहेत का, असं विचारलं. त्या बिचाऱ्याने आठवडाभराने लिहिलं की आईचे गुडघे दुखतात. इवायांनी मोहाच्या टोळीचं, म्हणजे बियांचं, तेल बाटलीत भरून टपालाने पाठवलं. पुढे आईला आराम पडल्याचा निरोप त्याने त्याच पानावर, देशभरातल्या साहेबांसमोर दिला. या व्यवहाराची नोंद कोणत्या खात्यात करावी, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

या पानाच्या माथ्यावर तीन पोस्ट ठेवता येतात. बाकीच्या पोस्ट नवी आली की खाली सरकतात, पण या तीन आपण काढेपर्यंत वरच राहतात. आपल्याकडचं सगळ्यांत महत्त्वाचं जे असेल ते तिथे ठेवायचं, म्हणजे येणाऱ्याला पहिल्याच नजरेत कळतं. स्नेहलने हे सांगितलं तेव्हा तिच्या मनात माल होता. इवायांच्या मनात माणसं आली. माथ्यावर तीनच जागा आणि कंपनीत माणसं पंचवीस-तीस, म्हणजे पाळी लावणं आलं. त्यांनी वयाप्रमाणे, कामाप्रमाणे आणि कोण किती लवकर रुसतं त्याप्रमाणे पाळी लावली. ज्याची पाळी आली त्याला सकाळी घरी फोन जाई, आज तुम्हाला वर घेतलं आहे. आणि उतरवायची वेळ आली की फोन नाही. त्यासाठी ते स्वतः घरी जात, समोर सुपारी ठेवत, चहा घेत, आणि आता दुसऱ्याला जागा देऊ का, असं विचारत. माणूस ‘द्या’ म्हणाला की मगच पोस्ट खाली येई. पाटावर बसवलेल्या माणसाला उठवताना एवढं करावंच लागतं, असं त्यांचं म्हणणं. चहाला साखर नसेल तर बोलणं दुसऱ्या दिवसावर जाई. यादीत सगळ्यांत शेवटचं नाव माझ्या जावयाचं होतं. कंपनीचा मालक तळाला कसा, असं मी विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं. घरचे लोक शेवटच्या पंगतीला बसतात, हे त्यांना मला सांगावं लागलं.

माझीही पाळी आली. कपाळाला आठ्या घालून मी पावत्या तपासतो आहे, असा फोटो त्यांनी कधी काढला ते मला कळलं नाही. खाली लिहिलं होतं, ‘हिशोबाचे पक्के, मनाचे मोकळे.’ मला असल्या गोष्टींची आवड नाही. तरी पतसंस्थेत त्या दिवशी कोणी काही बोलतं का, याकडे माझं थोडं लक्ष होतं. आणि पुढच्या आठवड्यात इवाई सुपारी घेऊन आमच्या ओसरीवर आले तेव्हा, एवढ्यात का, असं माझ्या बायकोने विचारलं. मी नव्हे.

पानाचा फायदा काय झाला, हे मी विचारायला हवं होतं आणि विचारलंही. स्नेहल म्हणाली, विक्री काही वाढली नाही, पण बाया वेळेवर येतात. एक टेम्पोवाला होता, तो माथ्यावर चढल्यापासून टेम्पो धुऊन आणायला लागला. हे आकड्यात बसत नाही, पण खोटंही नाही, म्हणून लिहितो.

पावसाळ्याच्या तोंडाला पारबताबाईची पाळी आली. पारबताबाई कारखान्यातली सगळ्यांत म्हातारी विणकरीण. धान ठेवायची मोठी ढोली, माणूस आत उभा राहील एवढी, आता तिच्याशिवाय कोणाला विणता येत नाही. तिची एकुलती एक मुलगी रेखा भामरागडच्याही पलीकडच्या गावात दिली आहे. रेखाचा नवरा तिथल्या आश्रमशाळेत स्वयंपाकी आहे. पाऊस लागला की पर्लकोटा नदीचं पाणी पुलावर चढतं, रस्ता तुटतो, टॉवर बंद पडतो, आणि माय-लेकींना एकमेकींचं काही कळत नाही. त्या आषाढात पारबताबाईला ताप येऊन गेला होता. ती खंगली होती, पण रेखाला मी बरी आहे एवढंच कळवा, असं सांगत होती. तिने इवायांकडे एकच गोष्ट मागितली. माझा फोटो वर ठेवा, रेखा बाजाराला भामरागडला आली आणि कोणाच्या फोनमध्ये रेंज असली तर तिला दिसेल. इवायांनी शब्द दिला, रेखाने पाहिल्याशिवाय उतरवत नाही. आणि पोस्ट टाकली. ढोली, तिच्याशेजारी तिच्या खांद्याला लागणारी पारबताबाई, विणकामाची मुख्य भूमिका वगैरे सगळं रीतसर, आणि शेवटी, देशभरातल्या साहेबांनी वाचावं असं : ‘टीप : रेखा, आई बरी आहे. काळजी करू नको.’

नेमका त्याच वेळी पुण्याहून फोन आला. तिथल्या हॉटेलांना सामान पुरवणाऱ्या एका बाईंना दिव्यांच्या शेड आणि ट्रे वर्षभर हवे होते. सोमवारी आमच्या मीटिंगमध्ये तुमचं पान उघडून पाहू आणि ठरवू, असं त्यांनी स्नेहलला सांगितलं. हे काम मिळालं तर पावसाळाभर शेड चालणार होती. नाही तर श्रावणापासून बायांना घरी बसवावं लागणार होतं, हे मी हिशेब पाहत असल्यामुळे मला आधीच ठाऊक होतं. पुण्याच्या बाईंनी तीन गोष्टी विचारल्या होत्या. बांबूला भुंगा लागू नये म्हणून काय करता, महिन्याला किती माल निघतो, आणि आधी कोणाला दिला आहे. स्नेहलकडे तिन्हींच्या पोस्ट तयार होत्या : औषधाच्या पाण्यात बांबू भिजवण्याच्या टाकीची, भरलेल्या शेडची, आणि जंगलाजवळच्या एका रिसॉर्टमध्ये लागलेल्या आमच्या दिव्यांची. त्या माथ्यावर ठेवायच्या होत्या. माथ्यावर त्या वेळी टेम्पोवाला, कुंदाबाई आणि पारबताबाई बसले होते.

टेम्पोवाला आणि कुंदाबाई सुपारीला लगेच राजी झाले. तिसऱ्या जागेला इवाई हात लावू देईनात. स्नेहल त्यांना बोलू शकत नव्हती, ती सून. जावई बोलू शकत नव्हता, तो तळाचा. म्हणून रविवारी सकाळी मला पाठवण्यात आलं. मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला चार गोष्टी सुनावायच्या, हे आमच्या भागात किती अवघड आहे ते मी सांगत बसत नाही. ते खाटेवर बसून फोन पुसत होते. मी सगळे आकडे मांडले. शेड बंद पडली तर पारबताबाईलाच घरी बसावं लागेल, हेही सांगितलं.

“इवाई, तुमी हिशोबाचे माणूस,” ते म्हणाले. “मले सांगा, दिल्ला शब्द कोन्या खात्यात टाकता जी तुमी?”

मी म्हणालो, शब्द पारबताबाईला दिला आहे, तर तिलाच जाऊन विचारू. ही पळवाट त्यांना पटली, कारण ती त्यांच्याच पद्धतीतली होती. आम्ही दोघे सुपारी घेऊन, चिखल तुडवत तिच्या घरी गेलो. पारबताबाई चुलीसमोर बसली होती. तिने चहा टाकला, साखरही घातली. इवायांनी सुपारी पुढे ठेवून अर्धं पाम्पलेट म्हणून झाल्यावर विचारलं, बाई, एखाद्या पाहुण्यासाठी जागा देता का. तिने सुपारीला हात लावला नाही.

“माह्या फोटोचं मले काई नाई, भाऊ,” ती म्हणाली. “मी का तिथं घर बांधून राह्यली? पण थो माह्यासाठी नाई लावला. रेखाले विचारा. थे म्हणन काढा, तं काढा.”

आता रेखाला विचारायचं म्हणजे भामरागड गाठायचं. आलापल्लीहून गाड्या बंद असल्याचं सकाळीच कळलं होतं. पुलावर पाणी होतं. परतताना इवाई माझ्या पुढे पुढे चालत होते. मला वाटतं त्यांच्या आयुष्यातला तो पहिलाच प्रश्न होता ज्यात कोणाला तरी दुखवणं भागच होतं. एकीकडे पंचवीस घरांची चूल आणि एकीकडे एका म्हाताऱ्या बाईचा, मुलीने आपल्याला एकदा पाहावं एवढाच हट्ट. मी हिशेबाचा माणूस असून मलाही त्याचं उत्तर एका ओळीत देता आलं नसतं. बांधीजवळ आल्यावर ते थांबले आणि म्हणाले की पारबताबाई घरची आहे. पाहुणा दारात आला की घरच्या माणसाने पाटावरून उठायचं असतं, त्याला विचारत बसायचं नसतं. हे ते मला सांगत नव्हते; ते स्वतःला सांगत होते, आणि त्यांचं त्यांना फारसं पटलेलं दिसत नव्हतं.

सोमवारी सकाळी त्यांनी फोन स्नेहलसमोर धरला. “तू काढ, बाई. माह्या हातानं होऊन नाई राह्यलं.” स्नेहलने एक क्षण त्यांच्याकडे पाहिलं. मामाजी, दोनच बदलते, तिसरी राहू दे, असंही ती म्हणाली. ती माझी मुलगी आहे, तिला तिसऱ्या पोस्टची किंमत माझ्याइतकीच ठाऊक होती. इवाई म्हणाले, नाही, करायचं तर पुरतं करायचं. पोस्ट खाली आली. रस्ता सुरू होईल त्या दिवशी मी स्वतः जाऊन रेखाची परवानगी आणीन, एवढं त्यांनी सगळ्यांसमोर जाहीर केलं, आणि त्यानंतर दसऱ्यापर्यंत त्या पानावर एक अक्षरही लिहिलं नाही.

काम मिळालं. मागितलं होतं त्याच्या निम्मं मिळालं, पण पावसाळाभर शेड चालली आणि पारबताबाईसकट कोणालाही घरी बसावं लागलं नाही. भुंग्याबद्दलची पोस्ट पाहून समाधान झालं, असं पुण्याच्या बाईंनी लिहिलं. पुढे असंही विचारलं, की दिव्यासाठी स्त्रियांची वेगळी बैठक असते ती नेमकी कुठे. स्नेहलने हे पत्र इवायांना वाचून दाखवलं. एरवी त्यांनी त्या बाईंना गाव विचारलं असतं. तेव्हा ते नुसते बरं म्हणाले आणि बांधीवर निघून गेले. सकाळी सात वाजता येणारा, आज कोणाला वर घेतलं हे सांगणारा त्यांचा फोन मला येईनासा झाला. माझी सकाळ शांत गेली, आणि ती शांतता मला आवडली असं मी म्हणू शकत नाही.

दसरा उरकल्यावर आलापल्लीहून भामरागडच्या गाड्या सुरू झाल्या. इवायांनी मला बरोबर घेतलं. परवानगी मागताना साक्षीदार असावा, असं ते म्हणाले. आलापल्लीच्या पुढे सागाचं जंगल लागतं, आणि मग घड्याळ पाहून काही उपयोग नसतो. एरवी ते बसमध्ये चढले की कंडक्टरपासून मागच्या बाकापर्यंत सगळ्यांची ओळख करून घेतात. त्या दिवशी ते खिडकीशी बसून राहिले. भामरागडला उतरून, एका टेम्पोतून पुढे आश्रमशाळेच्या गावी पोचेपर्यंत उन्हं कलली होती. रेखा अंगणात धान वाळत घालत होती. तिने आम्हाला ओळखलं नाही. इवायांनी तिच्यासमोर सुपारी ठेवली आणि भोंगा नसलेल्या आवाजात सांगितलं की तुझ्या आईचा फोटो आम्ही पानावर वर लावला होता, तू पाहिल्याशिवाय उतरवणार नव्हतो, पण उतरवला. तुला न विचारता उतरवला. ते आता विचारायला आलो.

रेखाने हातातलं सूप खाली ठेवलं. “मी पाह्यली न, भाऊ,” ती म्हणाली. पाऊस जोरात लागायच्या आधी एका बाजाराला ती भामरागडला गेली होती आणि शाळेच्या मास्तरांनी फोनमध्ये दाखवला होता. मोजून एकदा. त्याच संध्याकाळी पाणी चढलं.

मीच म्हणालो, म्हणजे शब्द पाळला गेला होता, उतरवण्याच्या आधीच. मला वाटलं आता त्यांचा चेहरा खुलेल.

“खाली लिवलं होतं, आई बरी आहे,” रेखा म्हणाली. “फोटोत तं दिसून नाई राह्यली. हात पाह्यले मी तिचे. तवापासून पाण्याकडे पाहून राह्यली, कवा उतरते म्हणून.” मग तिने आत पाहिलं. दाराशी तिची पिशवी भरून ठेवलेली होती. “उद्याची गाडी कवा आहे, भाऊ? तुमच्यासंगच येते.”

रात्री आम्ही तिथेच राहिलो. रेखाच्या नवऱ्याने शाळेतल्या मोठ्या पातेल्यातून भात आणला, आणि इवायांनी पोस्ट उतरवल्यापासून प्रथमच जेवणाच्या सुरुवातीची घोषणा केली, अर्थात हळू आवाजात. सकाळी तिघे निघालो. रेखाने वाटेत आईच्या तापाबद्दल विचारलं, आणि मी सांगावं की नाही या विचारात असताना इवायांनी सगळं सांगून टाकलं. ताप किती दिवस होता, औषध कोणतं, ती टीप कोणाच्या सांगण्यावरून लिहिली होती. रेखा आईवर थोडी चिडली, इवायांवर थोडी जास्त, आणि मग खिडकीबाहेर पाहत बसली.

पारबताबाईच्या घराशी पोचलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. ती दारात बसून शेंगा सोलत होती. नजर अधू झाल्यामुळे माणसं दिसत होती, चेहरे दिसत नव्हते. “कोन होय जी?” तिने विचारलं. मी इवायांकडे पाहिलं. साऱ्या आयुष्यात आलेल्या माणसाचं नाव, गाव, हुद्दा आणि सौजन्य सांगितल्याशिवाय त्याला कोणाच्या दारात उभं न करणारा तो माणूस रस्त्यावरच थांबला होता. त्यांनी ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि रेखाला हाताने नुसतं पुढे जा अशी खूण करत होते. ती गेली. आम्ही दोघे चहासाठी न थांबता बांधीच्या वाटेने परत फिरलो.